ग्रुप सोडण्याआधी सेटिंग तरी उघडून बघा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

सोशल मीडियाचा वीट आलाय, असं म्हणणारी माणसं आता घरोघरी भेटतात. गंमत म्हणजे, 'फोन हातात घेतला की तास कुठं गेला कळत नाही' म्हणणारा माणूस पुढच्याच वाक्यात 'पण ग्रुप सोडलो तर गावातलं काही कळणार नाही की' असंही म्हणतो. यात ढोंग काही नाही, दोन्ही खरं आहे. ज्येष्ठ मंडळी 'फेकून द्या तो फोन' म्हणून मोकळी होतात आणि पोरं 'काळाबरोबर चला' म्हणतात. दोन्ही सल्ले सीमाभागातल्या मराठी माणसाच्या फारसे कामाचे नाहीत. मोबाईल दुरुस्ती, संगणक शिकवणी आणि गल्लीचे, मंडळाचे ग्रुप सांभाळणे ही आमची रोजची कामं. त्या कामात जे दिसतं त्यावरून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

फोन बंद करणं आपल्याला का परवडत नाही, ते आधी बघू. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागात ग्रामपंचायतीची नोटीस, वीज बंद राहणार असल्याची सूचना, तहसीलदार कचेरीचा कागद हे सगळं कन्नडमध्ये येतं. ते मराठीत समजतं ते बहुतेक वेळा गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, कुणीतरी दोन ओळींत सांगितलं म्हणून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये वेदगंगेच्या पुरानं यमगर्णीजवळ राष्ट्रीय महामार्ग बंद पडला, तेव्हा कोल्हापूरला निघालेल्या माणसाला ते कळायचा सगळ्यात जलद रस्ता हाच होता. लेक सांगलीला दिलेली, मुलगा पुण्यात, भाऊ गोव्यात कामाला, अशा घराला 'सोडून द्या' हे सांगणं सोपं आणि करणं अवघड.

मग वीट कशाचा येतो? आमच्या मते एकाच हिरव्या चौकोनात चार-पाच कामं कोंबली गेली आहेत, त्याचा. सूचना, सुखदुःख, व्यापार, राजकारण आणि करमणूक ही पूर्वी वेगवेगळ्या ठिकाणी होती. आता तातडीची गोष्ट आणि सुप्रभातचं गुलाबाचं फूल एकाच आवाजात टिंग करून येतात. त्यामुळे प्रत्येक टिंगला फोन उचलावा लागतो.

मृत्यूच्या बातमीचंच बघा. ग्रुपवर मजकूर येतो: अमुक गल्लीतील अमुक यांचे निधन, अंत्यविधी सायंकाळी ५ वाजता, रक्षाविसर्जन परवा सकाळी. त्याखाली लगेच 'भावपूर्ण श्रद्धांजली' सुरू होतात. पन्नास-साठ हात जोडलेली चित्रं, मेणबत्त्या, ओम शांती. दुपारी कामावरून आलेला माणूस फोन उघडतो तेव्हा वेळ आणि स्मशानभूमीचं नाव पार वर गेलेलं असतं. तो विचारतो, 'किती वाजता आहे?' मग त्यालाही तिघेजण तीन वेळा सांगतात. आदर दाखवायला लिहिलेल्या मजकुरानं कामाची गोष्ट गाडली जाते. यावर उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. मूळ मेसेजवर बोट दाबून धरा, पिन निवडा, रक्षाविसर्जनापर्यंत राहावा म्हणून ७ दिवस ठरवा. तो वरच्या पट्टीत टाचणीसारखा लागून राहतो. पिनची मुदत २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस ठेवता येते. बाकीच्यांनी वेगळा मेसेज न लिहिता त्याच मेसेजवर बोट दाबून हात जोडल्याची खूण द्यावी. ही सोय २०२२ पासून आहे. भावना पोचते आणि वेळही वरच राहते. आमच्या भागातल्या अ‍ॅडमिननी एवढं जरी केलं तरी अर्धी कटकट मिटेल.

याच्या पुढची पायरी म्हणजे ग्रुप दोन करणं. एक फक्त सूचनांचा: ग्रुप इन्फो, ग्रुप परमिशन्समध्ये जाऊन सदस्यांची मेसेज पाठवण्याची परवानगी बंद करायची, म्हणजे फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतात. दुसरा गप्पांचा, तिथं काय ते होऊ द्या. सूचनांच्या ग्रुपला अ‍ॅडमिन एकच ठेवू नये. तो माणूस रेंज नसलेल्या जागी गेला की सूचना अडकते, आणि नंबर बदलला की ग्रुप अनाथ होतो. किमान तिघे असावेत, त्यातला एक कन्नड नीट वाचणारा. गणेशोत्सव मंडळं आणि शिवजयंतीच्या चित्ररथाची तयारी करणारी पोरं ही पद्धत वापरतात तेव्हा वर्गणीचा हिशोब आणि तालमीची वेळ हरवत नाही. शाळेच्या पालकांच्या ग्रुपला तर याची सगळ्यात जास्त गरज आहे. पण तिथं 'पालकांना बोलू देत नाहीत' असा रुसवा होतो. रुसवा परवडतो, परीक्षेची बदललेली तारीख हुकलेली परवडत नाही.

ग्रुप सोडायचाच असेल तर त्याची एवढी भीती का? 'सोडलो तर माणसं काय म्हणतील?' २०२२ पासून सोडल्याची वर्दी सगळ्यांना जात नाही, फक्त अ‍ॅडमिनना जाते. सदस्यांची यादी उघडून बघणाऱ्याला मात्र मागे सोडून गेलेले दिसतात. तेही नको असेल तर ग्रुप कायमचा म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाका आणि सेटिंग्ज, चॅट्समध्ये 'कीप चॅट्स आर्काइव्ह्ड' चालू ठेवा. नाहीतर नवा मेसेज आला की ग्रुप पुन्हा वर येतो आणि लोक म्हणतात, आर्काइव्ह करून काही उपयोग नाही. कुणीही उठून आपल्याला नव्या ग्रुपात ओढू नये म्हणून सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्समध्ये 'माय कॉन्टॅक्ट्स' करून ठेवावं. निवडणुकीच्या हंगामात याची किंमत कळते.

आता सीमाभागाचं खास दुखणं. आपले निम्मे नातेवाईक एका राज्यात, आपण दुसऱ्या राज्यात. मेसेज मात्र भाषा बघून फिरतो, राज्य बघून नाही. कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी पावसामुळं जाहीर केलेली सुट्टी निपाणीच्या आईच्या फोनवर येते आणि पोरगं घरी राहतं. 'दहावीचा निकाल आज एक वाजता' असं येतं, तो महाराष्ट्र बोर्डाचा असतो; आपल्या मुलांची परीक्षा कर्नाटकची एसएसएलसी. 'लाडकी बहीण'चे १५०० रुपये जमा झाल्याचा मेसेज इकडच्या बायकांना येतो, इकडे तर 'गृहलक्ष्मी'चे २००० रुपये आहेत आणि महाराष्ट्राची ती योजना त्या राज्यातल्या रहिवाशांसाठी आहे. एसटीत महिलांना निम्मं तिकीट महाराष्ट्रात, २०२३ च्या मार्चपासून. कर्नाटकच्या बसमध्ये 'शक्ती' योजनेखाली कर्नाटकच्या महिलांना मोफत प्रवास त्याच वर्षीच्या जूनपासून. दोन्हींची भेसळ झाली की कंडक्टरशी वाद. त्यात आणखी गुंता म्हणजे काही गोष्टी खरोखरच सीमेपलीकडून आपल्यासाठी येतात. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये जाहीर केली, तशा. म्हणून 'ते तिकडचं' म्हणून सगळंच झटकताही येत नाही.

यासाठी ग्रुपपुरता एक साधा नियम पुरतो. पुढं पाठवणाऱ्यानं मजकुराच्या वर चार शब्द टाकावेत: राज्य, जिल्हा, तारीख, मूळ कुठलं. 'महाराष्ट्र, कोल्हापूर, २४ जुलै, जिल्हाधिकारी कार्यालय.' हे लिहिता येत नसेल तर तो मेसेज पाठवायच्या लायकीचा नाही असं समजावं. मार्केट यार्डाच्या दरांनाही हेच लागू आहे. भाज्यांचे, बटाट्याचे, गुळाचे दर म्हणून फोटो फिरतात. तारीख नाही, कुठला बाजार ते नाही, क्विंटलचा आकडा की दहा किलोचा ते नाही, आणि जो आकडा असतो तो बहुधा त्या दिवशीच्या सगळ्यात चांगल्या मालाचा. तो वाचून शेतकरी घरातून निघतो आणि यार्डात आपल्या मालाला सरासरीचा भाव ऐकून व्यापाऱ्यावर चिडतो. व्यापारी नेहमीच साव असतो असं आमचं म्हणणं नाही, पण यात पहिली चूक फोटोची असते.

कन्नड नोटिशीबद्दल एक तांत्रिक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. गूगल लेन्समध्ये फोटो उघडून ट्रान्सलेट दाबलं आणि मराठी निवडलं की कामचलाऊ अर्थ लागतो. पण ग्रुपवरून आलेल्या फोटोवर तो हमखास बिघडतो. व्हॉट्सअ‍ॅप नेहमीच्या पद्धतीनं फोटो पाठवताना तो आकसून पाठवतं. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग ओळीच्या खाली बारीक लिहितात. फोटो आकसला की आधी तोच पुसट होतो आणि शब्दच बदलतो. म्हणून नोटिशीचा फोटो पाठवायचा तर कागद अडकवायच्या पिनेच्या चिन्हावरून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो उजेडात, कागद सपाट ठेवून, सरळ वरून काढा. शिक्का अक्षरांवर बसला असेल तिथला मजकूर आणि हातानं लिहिलेला भाग यावर भरवसा ठेवू नका. गावांची, माणसांची नावंही कधी कधी अर्थासकट भाषांतरित होऊन येतात. सर्व्हे नंबर, हरकत घेण्याची मुदत आणि रक्कम या तीन गोष्टी कचेरीत माणसाकडूनच वाचून घ्याव्यात. उताऱ्याच्या बाबतीत तर अंदाजाला जागाच नाही.

फोन भरला म्हणून दुकानात येणाऱ्यांची तक्रार सोशल मीडियाच्या नावानं असते, प्रत्यक्षात ती एका सेटिंगची असते. सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मीडिया ऑटो-डाउनलोड इथं मोबाईल डेटा, वायफाय आणि रोमिंग या तिन्हींमध्ये व्हिडिओ आणि डॉक्युमेंटची खूण काढून टाका. मग जे हवं तेवढंच बोट लावून उतरेल. त्याच पानावरच्या मॅनेज स्टोरेजमध्ये पाच एमबीपेक्षा मोठ्या फाइली आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइली वेगळ्या काढून दाखवतात, तिथूनच पुसाव्यात. घाईत काही जण फोनच्या अ‍ॅप यादीत जाऊन 'क्लिअर डेटा' दाबतात. त्यानं जागा होते, पण बॅकअप नसेल तर सगळी जुनी बोलणी कायमची जातात.

आणि बॅकअपचं वेगळंच. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप पूर्वी गूगलच्या मोफत १५ जीबीत धरत नसत. २०२४ पासून धरतात. रोज व्हिडिओसकट बॅकअप होत राहिला की ही जागा भरते, आणि ती भरली की जीमेलवर नवीन मेल येणं बंद होतं. नोकरीच्या मुलाखतीचं पत्र, परीक्षेचं हॉल तिकीट येत नाही आणि कारण कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण भरलेली असते ती फोनची जागा नव्हे. चॅट बॅकअपमध्ये 'इन्क्लूड व्हिडिओज' बंद करा. घरातल्या नोकरी शोधणाऱ्या मुलाचा ईमेल आईच्या फोनवर असेल तर हे आजच बघा.

रील आणि शॉर्ट्सचा मामला निराळा. भारतात टिकटॉकवर २०२० च्या जूनअखेर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामनं रील आणले, सप्टेंबरमध्ये यूट्यूबनं शॉर्ट्स आणले. तेव्हापासून संपणारं पानच उरलेलं नाही. पेपरला शेवटचं पान असतं, इथं नसतं. शिवाय तुम्ही कुठल्या व्हिडिओवर किती थांबलात ते मोजून पुढचा व्हिडिओ निवडला जातो, त्यामुळे रागानं बघितलेलाही 'आवडला' म्हणूनच जमा होतो. सीमाप्रश्नावर शिवीगाळ करणारा एक व्हिडिओ शेवटपर्यंत बघा, की तसेच दहा समोर येतात. मग वाटतं, सगळं जग आपल्याविरुद्ध बोलतंय. प्रत्यक्षात बेळगावच्या गणपत गल्लीत मराठी-कन्नड दोन्ही बोलत व्यवहार चाललेला असतो.

यावर यूट्यूबमध्ये एक उपाय आम्हाला इतर सगळ्यांपेक्षा बरा वाटतो: वॉच हिस्ट्री पुसून बंद करणं. २०२३ पासून असं केलं की यूट्यूबचं पहिलं पान जवळपास कोरं राहतं. कीर्तन हवं तर कीर्तन शोधायचं, ऊस लागवड हवी तर ती. फेसबुकच्या मेनूत 'फीड्स' म्हणून वेगळी जागा आहे, तिथं मित्रांचं आणि आपण निवडलेल्या पानांचंच तारखेच्या क्रमानं दिसतं. इन्स्टाग्राममध्ये 'टाइम मॅनेजमेंट'मधून रोजची मर्यादा घालता येते. अँड्रॉइडच्या डिजिटल वेलबीइंगमधला टायमरही आहे, पण तो घालणारा आणि काढणारा हात एकच असल्यानं मोठ्या माणसांत आठवडाभर टिकला तर नशीब. त्यापेक्षा नोटिफिकेशन तोडणं जास्त टिकतं. माणसांचे मेसेज आणि फोन वाजू द्या. लाईक, 'तुमच्यासाठी सुचवलेलं', कुणी लाईव्ह आलंय हे सगळं बंद. आवृत्ती बदलली की मेनूतली नावं इकडंतिकडं होतात, तेव्हा सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत शब्द टाकून बघावं.

एक नोव्हेंबरचा काळा दिन, १७ जानेवारीचा हुतात्मा दिन आणि बेळगावच्या सुवर्णसौधमधलं कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन, या दिवसांत जुने व्हिडिओ नव्यानं फिरू लागतात. २०२२ च्या डिसेंबरमध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकवर हल्ले झाले, २०२५ च्या फेब्रुवारीत बसमधल्या भाषेच्या वादावरून दोन्ही राज्यांची बससेवा काही दिवस कोलमडली. अशा घटनांची चित्रफीत 'आत्ताच' म्हणून आली तर पुण्याहून गाडी घेऊन निघालेला माणूस वाटेत घाबरतो. व्हिडिओ थांबवून दुकानाच्या पाट्या, गाडीचा नंबर, पाऊस की ऊन, लोकांच्या अंगावर स्वेटर आहेत का हे बघा. एक चित्र स्क्रीनशॉट काढून लेन्समध्ये शोधा. दुहेरी बाणाची खूण असेल तर तो मजकूर मूळ माणसापासून किमान पाच हात फिरून आलेला आहे. असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो, हे बंधन २०२० पासून आहे. पण मजकूर कॉपी करून नव्यानं चिकटवला की खूणही जाते आणि बंधनही. म्हणून खूण नाही म्हणजे ताजं, असं धरू नका.

कायद्याबद्दल दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये रद्द केलं, तरी त्याचा धाक अजून घातला जातो. दुसरीकडे, भाषेवरून किंवा धर्मावरून वैर वाढवणाऱ्या मजकुरासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. 'मी फक्त फॉरवर्ड केलो' हा बचाव म्हणून फार लांब जात नाही. केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून सदस्याच्या मेसेजला तो जबाबदार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलं. पण आपण कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाखाली येतो, तो निकाल इथं आधार म्हणून दाखवता येईल, बंधनकारक नाही. अ‍ॅडमिनला सदस्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो. पुसावा, आणि का पुसला ते ग्रुपवर एका ओळीत लिहावं. नुसतं गप्प पुसलं की त्यावरूनच नवं भांडण लागतं.

फसवणुकीबद्दल थोडक्यात, कारण त्यावर पुष्कळ छापून येतं. लग्नपत्रिका किंवा वाहतुकीचं चलन म्हणून आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ती पत्रिका नव्हे, अ‍ॅप आहे. उघडून बसवली गेलीच तर फोन एअरप्लेन मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकाला कळवा. पैसे गेले असतील तर व्यवहार क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा; जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडकवता येण्याची शक्यता जास्त. व्हॉट्सअ‍ॅपचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन, सहा आकडी पिन, सगळ्यांनी घालावं आणि तो जन्मसाल जोडून करू नये.

बेळगाव मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव, घरटी कुणी ना कुणी फौजेत. लष्करानं २०२० च्या जुलैमध्ये जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ अ‍ॅप काढायला सांगितली होती. तो नियम जवानापुरता आहे, पण सुट्टीहून परत जाताना कुठली गाडी, कुठलं ठाणं हे स्टेटसवर टाकणारे घरचेच असतात. अभिमानाचा फोटो लावा, तो पोचल्यावर, जागेचं नाव न घालता.

शेवटी संपादक महाशय, एक मागणी आपल्याकडेच आहे. ग्रुपवर सगळ्यात जास्त विश्वासानं फिरतं ते पेपरचं कात्रण, आणि त्यावर तारीख नसते. तारीख पानाच्या माथ्यावर असते, लोक बातमीपुरता तुकडा कापतात. मग तीन वर्षांपूर्वीची पाणीकपात किंवा कोल्हापूर आवृत्तीतली शाळेची सुट्टी इथं आजची म्हणून येते. सरकारी सूचना, सुट्ट्या, योजना, पाणी, वीज आणि रस्ते यांच्या बातम्यांत पहिल्या ओळीतच तारीख, आवृत्ती आणि जिल्हा छापता आला तर कितीही कापलं तरी तो सोबत राहील. जागा फार तर चार शब्दांची लागेल.

आपले,
मोबाईल दुरुस्ती व संगणक शिकवणी व्यवसायातील काही वाचक,
शहापूर, बेळगाव